तुमचा चहा

अर्वेला हॅलव्हर्सन यांनी आल्याच्या दुसऱ्याच सकाळी चहाला नाही म्हटलं, आणि टांटी क्लोनं तो अपमान लोणच्यासारखा पाच महिने मुरत ठेवला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर जे गरम, पातळ आणि कपात मावणारं असतं, ते सगळं चहा. कोकोचा गोळा किसून दालचिनी, तमालपत्र नि जायफळ घालून उकळला की तो कोको-चहा. परसातला पाला उकळला की पाल्याचा चहा. कॉफीसुद्धा कॉफी-चहा. सकाळी रस्त्यात कुणी भेटलं तर ‘चहा झाला का?’ विचारायचं, म्हणजे पोटात काही गेलं का. चहाची खरीखुरी पत्ती या गोष्टीतल्या आन्स मार्गो गावात औषधालासुद्धा सापडली नसती, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

हॅलव्हर्सन नवराबायको ज्या चर्चचे, तिथं चहा वर्ज्य. कॉफी वर्ज्य, दारू वर्ज्य, तंबाखू वर्ज्य. कोको मात्र चालतो. अमेरिकेत, आयडाहोला, बर्फ पडायला लागलं की अर्वेलाबाई लहानपणापासून कोकोच पीत आलेल्या. सत्तरी उलटल्यावर, मुलंबाळं मार्गी लागल्यावर, दोघं दीड वर्षाच्या धर्मसेवेला बेटावर आली होती. ती एकाहत्तर वर्षांची, जन्मभर पोरांना पियानो शिकवलेली. ते चौऱ्याहत्तरचे, शाळांच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात हयात गेलेली, उजव्या कानानं ठार बहिरे आणि डाव्यानं सोयीपुरते. त्यांच्यात पुरुषांना ‘एल्डर’ म्हणायचं नि बायकांना ‘सिस्टर’. तर एल्डर रूलन आणि सिस्टर अर्वेला. टांटी क्लोच्या घराचा वरचा मजला चर्चनं त्यांच्यासाठी घेतला होता.

टांटी म्हणजे मावशी. पूर्ण नाव क्लोथिल्ड रेडहेड. पण ते फक्त पाद्र्याच्या वहीत. पोस्टमनसुद्धा हाक मारायचा ती ‘टांटी क्लो’ अशीच.

त्या सकाळी ती कोंबड्याच्या आधी उठली. स्वतःच्या झाडाच्या कोकोचा, स्वतः कांडून वळलेला गोळा काढला. खास पाहुण्यांसाठीचा निळ्या काठाचा कप उतरवला. त्या कपातून आजवर दोन पाद्री नि एक डॉक्टर प्यायले होते, दुसरं कुणी नाही. कप घेऊन ती धापा टाकत जिना चढली.

“घ्या सिस्टर, चहा घ्या.”

अर्वेलाबाई तोंडभर हसल्या. “फार आभारी आहे, मिस क्लोथिल्ड. पण आम्ही चहा घेत नाही.”

“घेत नाही म्हणजे? आज घेत नाही?”

“कधीच नाही.”

टांटी क्लोनं “बरं” म्हटलं, मागं वळली, आणि चौथ्या पायरीवर उभ्या उभ्या स्वतःच तो कप रिकामा केला. टाकून द्यायचा होता की काय? आणि तशीच तरातरा फीमीच्या दुकानात गेली.

युफीमियाचं, म्हणजे फीमीचं, दुकान हे गावाचं वर्तमानपत्र होतं आणि ते सकाळी सातलाच निघायचं. बेक, म्हणजे मैद्याचे फुगीर वडे, तळत होते, खारवलेल्या माशाचा वास सुटला होता, सात-आठ माणसं बाकांवर होती.

“काय गं, कशी आहे तुझी गोरी बाई?” फीमीनं विचारलं.

“कशी असणार! छान हसली, आणि म्हणाली, आम्ही तुमचा चहा घेत नाही.”

बाई ‘तुमचा’ म्हणाल्या नव्हत्या. टांटी क्लोला ते तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. पण तो एक शब्द वाक्यात असा काही चपखल बसला, की काढावासा वाटेना.

फीमीचा झारा हवेत थांबला. “तुमचा?”

“तुमचा.”

“म्हणजे आपल्या हातचा नको?”

“मी कुठं तसं म्हटलं? मी आपलं ती काय म्हणाली तेवढं सांगितलं.”

अशा बायका खोटं बोलत नाहीत. खऱ्याला नुसती फोडणी देतात. पण ज्यांच्या खापरपणज्यांना बेड्या घालून या बेटावर उतरवलं, त्यांच्या गावात गोऱ्या माणसानं परत केलेला कप नुसता कप राहत नाही. दुपारपर्यंत तो शब्द टेकडीवरच्या शेवटच्या घरात पोचला होता.

टांटी क्लोचं वय तेव्हा अडुसष्ट. त्यातली चौतीस वर्षं जायफळाच्या गोदामात गेली. कामाची रीत सोपी: जायफळं पाण्यात टाकायची, बुडतील ती भरीव, तरंगतील ती पोकळ. माणसांचंही ती तसंच करायची, फक्त जायफळांना जेवढा वेळ द्यायची तेवढा माणसांना देत नसे. नवरा कथबर्ट सहा महिन्यांसाठी म्हणून अरूबाच्या तेल कारखान्यात गेला, त्याला चाळीस वर्षं झाली, तो तरंगला. मुलगी लिऑनी टोरोंटोच्या एका इस्पितळात नर्स. ती भरीव, पण लांब. दर रविवारी टांटी क्लो न चुकता कॅथलिक देवळात मिस्साला जायची. देव बदलायला तिला सवड नव्हती. हॅलव्हर्सनांनी तिला तसं कधी विचारलंही नाही, आणि खरं सांगायचं तर तेही तिला जरा लागलं होतं.

सिस्टर अर्वेला तरंगल्या, हा निकाल तिनं त्या चौथ्या पायरीवरच लावला.

वरचा मजला लाकडी फळ्यांचा. त्यामुळं हॅलव्हर्सनांचा दिवस टांटी क्लोला छतातून ऐकू यायचा. साडेसहाला गजर. मग चार धपके: दोन एल्डरच्या गुडघ्यांचे, दोन बाईंच्या. मग प्रार्थना. बाई हळू बोलायच्या, पण एल्डर रूलन बहिरेपणामुळं देवालाही बहिरा समजायचे. त्यांचा कुठला गुडघा धरलाय, कुठल्या जावयाची नोकरी गेलीय, बटाट्याला यंदा भाव काय, हे देवाबरोबरच टांटी क्लोलाही रोज कळायचं. कधी कधी ती खालून ‘आमेन’ म्हणायची.

मग इस्त्री. या बाई चादरींनाही इस्त्री करायच्या! एवढ्या उकाड्यात म्हातारा पांढरा शर्ट नि टाय घालायचा, खिशावर नावाची काळी पट्टी लावायचा, आणि दहाच्या उन्हात दोघं मोजे घालून बाहेर पडायची. बाईंच्या हातात एक वही. तीत सोळा नावं: चर्चची असून चर्चला न येणारी, आजारी, एकटी. त्यांना भेटायचं, हवं-नको पाहायचं, कुणाचे कागद भरून द्यायचे, कुणाला बाजा शिकवायचा, हे त्यांचं काम. गुरुवारी दोघं जीपनं निघून चर्चच्या तरुण सेवकांच्या खोल्या तपासायला जायची. बाई फ्रीज उघडून नाक दाबायच्या, म्हातारा सिंकखाली डोकं घालायचा.

गावात मात्र निराळंच घडत होतं. समुद्राकडच्या नीरफणसाखाली डॉमिनो खेळणारे म्हातारे बसत. एल्डर रूलन पहिल्या आठवड्यातच तिथं जे बसले ते बसलेच. हातात जे दिलं ते प्यायचं, सोंगटी आपटायची म्हटली की आपटायची, ऐकू न आलेल्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसायचं. गावाचा निकाल झाला: म्हातारा आपला, म्हातारी शिष्ट.

कारण बाई ज्या दारात जायच्या, तिथं पहिला प्रश्न ठरलेला. आणि तो मुद्दाम विचारला जायचा, घरातली सगळी माणसं गोळा करून.

“चहा घेणार, सिस्टर?”

“नाही हो, आम्ही चहा घेत नाही. आभार.”

घरातली माणसं एकमेकांकडं बघायची: बघ, म्हटलं नव्हतं? मग पुढच्या खेपेला ‘नंतर या, सिस्टर’. त्याच्या पुढच्या खेपेला दारच लागलेलं, आणि आत रेडिओ चालू. बाजा शिकायला पहिल्या आठवड्यात तीन पोरी आल्या, दुसऱ्या आठवड्यात बाजा आणि बाई दोघंच. बाईंनी हार मानली नाही. त्यांनी केळ्याचे केक भाजले, सोळा घरांसाठी सोळा, आणि पुन्हा पुन्हा भाजले. लोक हसून घ्यायचे. आमचा चहा चालत नाही तर तुमचा केक आम्हाला कशाला? पाच महिन्यांत आन्स मार्गोची डुकरं केळ्याच्या केकवर पोसली गेली.

या सगळ्यात टांटी क्लोची एकच पंचाईत झाली. तिला बाई आवडायला लागल्या.

सुरुवात चष्म्यानं झाली. चष्मा फुटला, आणि लिऑनीला मोबाईलवर फोन कसा लावायचा ते काही दिसेना. बाई खाली आल्या, फोन लावला, कॅमेऱ्यात टांटी क्लोचं नुसतं कपाळ येत होतं ते फोनला उशीचा टेकू देऊन नीट केलं, आणि तासभर पाठ करून अंगणात बसल्या, माय-लेकींना मोकळं बोलता यावं म्हणून. पुढच्या शनिवारी पुन्हा. नवा चष्मा आला तरी शनिवार सुटला नाही. फोन झाला की दोघी ओट्यावर बसून भांडायच्या. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीवरून, कोंबडीला काय घालावं यावरून, मेलेल्या माणसांना स्वर्गात भूक लागते का यावरून. कितीतरी वर्षांत टांटी क्लोशी इतकं मन लावून कुणी भांडलं नव्हतं.

फक्त चहा ती विचारायची नाही. बाईंच्या समोर, मुद्दाम, भुरके मारत प्यायची.

“काय सुरेख वास येतो हो तुमच्या चहाचा!” बाई डोळे मिटून म्हणायच्या.

“वास घ्या की. त्याला कुठं तुमच्या चर्चची मनाई आहे!”

बाई हसायच्या आणि खरोखरच वास घ्यायच्या. यात काहीतरी चुकतंय असं टांटी क्लोला एक-दोनदा वाटलं. पण चुकतंय असं वाटणं आणि चुकलं असं म्हणणं, यात तिच्या बाबतीत निदान पाच महिन्यांचं अंतर असायचं.

एका मंगळवारी बाईंना सर्दी झाली. टांटी क्लो माशाचं सार घेऊन वर गेली. बाई शाल गुंडाळून बसल्या होत्या, हातात मोठा मग, त्यातून वाफ निघत होती. टांटी क्लोनं नाक वर केलं.

“हे काय पिताय?”

“हॉट चॉकलेट. मुलीनं आयडाहोहून डबा पाठवलाय. घ्या ना थोडं, दुसरा मग आहे.”

टांटी क्लोनं घोटभर घेतलं. तोंडात फिरवलं. “यात कोको आहे?”

“कोकोच तर आहे.”

“कोको याच्या शेजारून गेला असेल, सिस्टर. हे साखरेचं गरम पाणी आहे. अहो, कोकोच्या देशात बसून तुम्ही डब्यातली भुकटी पिता?”

“मग इथं मिळतं कुठं? पाच महिने शोधतेय. ज्याच्या त्याच्या घरी नुसता चहाच!”

टांटी क्लोचा घोट घशातच अडकला. ती मगाकडं बघत राहिली, मग बाईंकडं, मग पुन्हा मगाकडं. आणि तिला सगळं उलगडलं. बाई चहाला नाही म्हणत होत्या, कोकोला नाही! कोको-चहा हा त्यांना कोको घातलेला चहा वाटत होता. पाच महिने ही बाई ज्याच्या वासावर जीव टाकत होती, तेच तिला सोळा घरांनी देऊ केलं होतं, आणि सोळाही घरी तिनं हसून परत केलं होतं.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. ठसका लागला.”

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण सांगितलं की ‘मग लोक माझ्यावर का रुसले?’ हे आलं, आणि त्याच्या मागोमाग तो शब्द आला. टांटी क्लो खाली गेली, दार लावून पोट धरून हसली, आणि ठरवलं की बघू सवडीनं.

सवड दुसऱ्याच सकाळी संपली. साडेसहाला गजर झाला, चार धपके झाले, आणि छतातून एल्डर रूलन कडाडले:

“हे स्वर्गातल्या बापा! चर्चच्या प्रमुखांचा काल फोन आला ते तुला माहीतच आहे. आन्स मार्गोत आमच्या हातून काही काम होत नाही म्हणतात, ते खरंच आहे. सोमवारी सांगतो म्हणाले. बार्बाडोसच्या ऑफिसात पाठवणार. तिथं गार हवेचं यंत्र आहे, त्याबद्दल मी तुझे आगाऊ आभार मानतो. पण अर्वेलाला फार लागलंय, तिच्याकडं बघ.”

मग बाईंचा आवाज. एरवी तो कधी फळ्यांतून खाली उतरत नसे. त्या दिवशी टांटी क्लो खुर्चीवर चढली, आणि छताला कान लावला.

“जायचं तर जाईन,” बाई म्हणत होत्या, “पण माझं काय चुकलं ते तरी कळू दे. यांना माझी शिसारी का येते, तेवढं कळू दे.”

टांटी क्लो खुर्चीवरून उतरली. खाली यायला तिला बराच वेळ लागला. त्या दिवशी तिनं चहा घेतला नाही. सोमवारपर्यंत पाच दिवस होते. बाई गेल्या तर शनिवार गेला, भांडण गेलं, आणि उरलेल्या आयुष्यात तिला छताकडं बघत ऐकत बसावं लागणार होतं, की वर कुणीच कसं नाही.

आता सरळ माणूस काय करेल? दुकानात जाऊन सांगेल की बाबांनो, मी एक शब्द जास्तीचा घातला. टांटी क्लोनं सरळ सोडून बाकी सगळ्या वाटा तपासल्या, आणि शुक्रवारी तिला एक सापडली. गावासमोर बाईंनी कोको-चहा प्यायला की झालं! शब्द आपोआप खोटा पडेल, आणि कुणी घातला हे विचारायला कुणाला भान राहणार नाही.

“सिस्टर,” ती वर जाऊन म्हणाली, “उद्या सकाळी फीमीच्या दुकानात या. खरं हॉट चॉकलेट पाजते. आमच्या झाडाचं.”

“खरंच? अय्या!”

“पण एक करा. तिथं कुणी काही बोललं तरी लक्ष देऊ नका. मुकाट्यानं प्या.”

“का बरं?”

“आमच्याकडं पिताना बोलत नाहीत.”

ही थाप तिला त्याच पायरीवर सुचली होती, चौथ्या.

शनिवारी दुकान भरलेलं होतं. टांटी क्लोनं घरून आख्खं पातेलं आणलं, निळ्या काठाचा कप आणला, काठोकाठ भरला, आणि सगळ्यांना दिसेल असा बाईंच्या हातात दिला. बेक चावणारी तोंडं थांबली. बाईंनी वास घेतला, डोळे मिटले, कप ओठांना लावला, आणि एक मोठा घोट घेतला. त्यांचा चेहरा असा काही उजळला की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं.

आणि फीमी, जिच्या जिभेला टांटी क्लोच्या जिभेपेक्षाही कमी हाड होतं, किंचाळली: “बाई गं! सिस्टरनं चहा घेतला!”

बाईंचे डोळे खाडकन उघडले. “चहा?”

“प्या, प्या,” टांटी क्लो पुटपुटली.

“मिस क्लोथिल्ड, हा चहा आहे?”

“चहाच तर आहे,” फीमी म्हणाली, “मग काय मटणाचा रस्सा आहे? सगळ्या बेटावर हिच्यासारखा चहा कुणाला जमत नाही.”

बाई पांढऱ्याच्या आणखी पांढऱ्या झाल्या. तोंडातला घोट गिळावा की थुंकावा हे त्यांना कळेना. शेवटी गिळला, आणि कप फळीवर ठेवून बोटानं लांब सरकवला. “माफ करा,” त्या कशाबशा म्हणाल्या, “मला चालत नाही.”

तेलातला बेक करपायला लागला. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, “बघितलंत? निळ्या काठाचा कपसुद्धा!”

बाई दाराकडं वळल्या. सोमवार आत्ताच, या शनिवारीच, उजाडला होता. टांटी क्लोनं दाराकडं बघितलं, कपाकडं बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा पोकळ जायफळ कोण आहे ते तिला स्वच्छ दिसलं.

“थांबा!” ती ओरडली. “सिस्टर, त्यात पत्ती नाही हो! नुसता कोको आहे. कोको, पाणी, दूध, दालचिनी, जायफळ. आम्ही गरम असेल त्या सगळ्याला चहा म्हणतो. तुमच्या डब्यातलंही आमच्याकडं चहाच. आणि तुम्ही सगळे ऐका रे! हिच्या चर्चमध्ये पत्तीचा चहा बंद आहे. राणीनं दिला तरी बंद. आपल्या हाताशी त्याचा काही संबंध नाही. ती त्या दिवशी म्हणाली होती, ‘आम्ही चहा घेत नाही.’ बस.”

“तू तर म्हणालीस, तुमचा चहा,” फीमी म्हणाली.

“म्हणाले.”

“मग ‘तुमचा’ कुणी म्हटलं?”

टांटी क्लोनं पदराला हात पुसावा तसे दोन्ही हात झग्याला पुसले. “मी घातला. मला राग आला होता. पहाटे चारला उठून गोळा किसला होता मी!”

तेवढ्यात दारात एल्डर रूलन आले, डॉमिनोचा डाव जिंकून, घामाघूम, हातात त्यांचा नेहमीचा पत्र्याचा मग. पातेलं बघून ते खूश झाले आणि मग पुढं केला.

“तुम्ही हे पिता?” अर्वेलाबाईंनी त्यांच्या डाव्या कानात विचारलं.

“रोज! झाडाखाली देतात. उत्तम हॉट चॉकलेट आहे. का?”

“रोज? पाच महिने? आणि मला सांगितलं नाहीत?”

“तू विचारलं नाहीस,” म्हातारा म्हणाला. “आणि तुला आवडत नाही असं सगळे म्हणत होते.”

“याला हे काय म्हणतात माहीत आहे का तुम्हाला?”

“मला कुठं ऐकू येतं!”

आधी फीमी फुटली. मग बाकावरचे, मग दाराबाहेरचे. फीमी झाऱ्यासकट खाली बसली. “अगं सटवे क्लो! पाच महिने! पाच महिने मी त्या बाईचा केक डुकरांना घातला!”

अर्वेलाबाई एकट्याच हसत नव्हत्या. “डुकरांना?” त्यांनी विचारलं.

हसणं टप्प्याटप्प्यानं बंद झालं. बाईंनी फळीवरचा निळ्या काठाचा कप उचलला, सगळा प्यायल्या, तळाचा गाळसुद्धा, आणि कप फीमीसमोर धरला. “आणखी.” दुसराही संपवला. मग वही उघडली. “आता सांगा,” त्या म्हणाल्या, “कुणाच्या घरी आधी येऊ?” टांटी क्लोकडं त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

शनिवारी दुपारी नि रविवारी चर्चनंतर मिळून बाई अकरा घरी चहा प्यायल्या. प्रत्येक घराला अपमान धुवायची घाई झाली होती. आता त्या दारातच विचारायच्या, “कसला चहा?” कोको, पाला आणि आलं चालायचं, कॉफी-चहाला हात जोडायच्या. सोमवारपर्यंत ‘कसला चहा?’ हे गावात रामरामाची जागा घेऊन बसलं होतं. बाजाच्या वर्गाला सात नावं आली. टांटी क्लोचं तर नवं बारसंच झालं. रस्त्यानं निघाली की पोरंसोरं ओरडायची: “टांटी तुमचा!” फीमीनं तिला सगळ्यांदेखत तीन वेळा विचारलं, “हे तू सांगतेस ते फोडणी देऊन की बिनफोडणीचं?” तिनं सगळं ऐकून घेतलं. तिला ते काही लागलं नाही. लागलं ते एवढंच, की त्या शनिवारी लिऑनीला फोन लावून द्यायला कुणी खाली आलं नाही. तिनं स्वतःच लावला. अर्धा तास लिऑनी आईच्या कपाळाशी बोलली.

सोमवारी साडेसहाला गजर झाला. टांटी क्लो आधीच खुर्चीवर उभी होती. धपके आले चार, पण पुढं काही कळलं नाही, वाट बघण्यातच तो दिवस गेला. प्रमुखांचा फोन दुपारी यायचा होता. मंगळवारी मात्र छत गडगडलं:

“हे स्वर्गातल्या बापा! वहीत आता सत्तावीस नावं झाल्यामुळं प्रमुखांनी आम्हाला इथंच ठेवलं, याबद्दल अर्वेला तुझे आभार मानते. गार हवेच्या यंत्राबद्दल मी काही बोलत नाही. तुझी इच्छा.”

“आमेन,” टांटी क्लो खालून म्हणाली, जरा मोठ्यानंच.

मग जिन्यावर पावलं. टांटी क्लो घाईघाईनं खुर्चीवरून उतरली आणि चुलीशी जाऊन काहीतरी ढवळायला लागली. पातेलं रिकामं होतं, तरी ढवळलं.

अर्वेलाबाई दारात उभ्या होत्या. केसांची घडी न् घडी जागच्या जागी. एका हातात ताटली, ताटलीत केळ्याचा केक, आख्खा.

“टांटी,” त्या म्हणाल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदाच मिस क्लोथिल्ड नाही. “तुमचा चहा आहे का?”

‘तुमचा’वर त्यांनी असं काही बोट ठेवलं की शब्दाला वळ उठावा.

“आत्ता करते. बसा,” टांटी क्लो म्हणाली, आणि कोकोचा गोळा शोधायला वळली. डोळ्यांत गेलेला धूर पुसायला तिला थोडा वेळ लागला, चूल अजून पेटवायची होती तरी.

चहा झाला. बाईंनी निळ्या काठाचा कप स्वतःच फळीवरून काढून घेतला. मग केकचा चांगला हातभर तुकडा कापून टांटी क्लोसमोर ठेवला.

“हा डुकरांसाठी नाही,” त्या म्हणाल्या. “मी बसलेय. संपवा.”

टांटी क्लोनं घास घेतला. केक कोरडा ठणठणीत होता, आणि साखर बहुधा आयडाहोतच राहिली होती. तिला गावातल्या समस्त डुकरांची मनापासून दया आली. पण समोर बाई बसल्या होत्या, ओठांवर कोकोची मिशी, डोळे तिच्यावर रोखलेले. टांटी क्लोनं तो तुकडा संपवला आणि दुसरा मागून घेतला.

“कसा झालाय?”

“छान झालाय,” टांटी क्लो म्हणाली. ते साफ खोटं होतं. पण यावेळी त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता.